इंडेंटपासून पिवळ्या पिशवीपर्यंत

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय रुग्णालयाची फार्मसी आणि पर्यावरण. पत्रं बहुतेक सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या ५० खाटांच्या रुग्णालयात दर तिमाहीला दोन-तीन खोकी औषधं एक्स्पायर होतात. काही कंपनी परत घेते, उरलेली पिवळ्या पिशवीतून जातात. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे का? — स्टोअर फार्मासिस्ट, होटगी रोड

नियमाच्या दृष्टीनं बरोबर आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे मुदत संपलेली औषधं पिवळ्या वर्गात येतात. ती एक तर उत्पादकाकडं परत जावीत, नाही तर कचरा जाळण्याच्या भट्टीत जावीत. पण तुमचं दुखणं पिशवीत नाही, इंडेंटच्या म्हणजे औषधांच्या मागणीच्या वहीत आहे. वीज, पाणी, रसायनं आणि ट्रकचं डिझेल खर्चून एक गोळी तुमच्या रॅकवर आली आणि कोणाच्याही पोटात न जाता जळाली, तर तिचं ओझं ऑर्डर दिली त्याच दिवशी पर्यावरणावर पडलेलं असतं. पिशवी कुठल्या रंगाची, हा त्यानंतरचा प्रश्न.

पुढच्या वेळी खोकी बांधण्याआधी एक काम करा. प्रत्येक औषधापुढं ते का उरलं, हे एका शब्दात लिहा. बहुतेक वेळा पाचच शब्द पुन्हा पुन्हा येतात : स्कीम, डॉक्टर, वॉर्ड, ट्रॉली, तुकडा.

‘स्कीम’ म्हणजे दहावर दोन फुकट मिळतात म्हणून घेतलेला माल. फुकटचे दोन खोके एक्स्पायर झाले तर त्यांची क्रेडिट नोटही नीट मिळत नाही. खरेदीचा हिशोब साधा ठेवा. समजा एका गोळीचा खप महिन्याला ३००, म्हणजे रोज १०. तुम्ही दर १५ दिवसांनी ऑर्डर देता, स्टॉकिस्ट (ठोक विक्रेता) २ दिवसांत माल पोचवतो, आणि अडीअडचणीला ७ दिवसांचा साठा हाताशी हवा. एकूण २४ दिवस, म्हणजे २४० गोळ्या. रॅकवर ९० असतील तर ऑर्डर १५० ची. शहरात स्टॉकिस्ट असताना तीन महिन्यांचा साठा करून ठेवायला सोलापूर काही बेट नाही.

‘डॉक्टर’ म्हणजे मानद डॉक्टर बदलले, त्यांच्याबरोबर ब्रँड बदलला आणि जुना ब्रँड रॅकवर तसाच पडून राहिला. आम्लपित्तावरच्या एकाच पँटोप्राझोलचे पाच ब्रँड ठेवले की पाचही थोडे थोडे मरतात. रुग्णालयाची औषधयादी करून एका औषधाचे फार तर दोन ब्रँड ठरवा. त्यावर डॉक्टरांच्या सह्या आधीच घ्या, नंतर भांडत बसू नका.

‘वॉर्ड’ म्हणजे सिस्टरांच्या कपाटातला साठा. तो स्टोअरच्या संगणकावर ‘खपला’ म्हणून दिसतो आणि कपाटात मात्र जिवंत असतो. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन बघितल्याशिवाय तो सापडत नाही.

‘ट्रॉली’ म्हणजे आपत्कालीन ट्रॉलीतलं अॅड्रेनालिन, अॅट्रोपिन, सोडियम बायकार्बोनेट. ही औषधं न वापरता मुदत संपणं हे तिथं जवळजवळ ठरलेलं असतं, आणि त्यासाठी साठा कमी करणं धोक्याचं आहे. उपाय फिरवण्याचा : मुदतीला ९० दिवस उरले की ट्रॉलीतली अँप्युल (काचेची बंद कुपी) कॅज्युअल्टी किंवा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) वापरायला द्या आणि ट्रॉलीत ताजा बॅच ठेवा.

‘तुकडा’ सर्वांत लाजिरवाणा. स्ट्रिप कापताना ज्या टोकावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते तेच टोक आधी कापलं जातं, आणि उरलेल्या चार गोळ्या ओळखहीन होतात. त्या चांगल्या असल्या तरी देता येत नाहीत. कापायला सुरुवात नेहमी विरुद्ध टोकाकडून करा.

आणखी दोन चुका सर्रास दिसतात. लेबलवर ‘०६/२०२७’ असेल तर औषध जून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. १ जूनलाच ते बाद करू नका. दुसरी चूक ‘आधी आलं ते आधी द्या’ ही. नंतर आलेल्या बॅचची मुदत आधीची असू शकते. म्हणून रॅक आवकेच्या तारखेनं न लावता मुदतीनं लावा.

परत पाठवायचा माल विक्रीच्या मालापासून वेगळ्या खोक्यात हवा आणि खोक्यावर ठळक ‘नॉट फॉर सेल’ लिहिलेलं हवं. औषध नियम ६५ (१७) मध्ये ही अट आहे. कंपनी मुदतीआधी किती महिने आणि मुदतीनंतर किती महिने माल परत घेते, हे प्रत्येक स्टॉकिस्टकडून लेखी घेऊन भिंतीवर लावा. बराच परतीचा माल ती तारीख हुकल्यामुळंच भट्टीत जातो.

प्रश्न : सलाईनची बाटली लाल की पिवळी? रिकामी स्ट्रिप? अर्धं उरलेलं इंजेक्शन? आमच्याकडं प्रत्येक सिस्टर वेगळं सांगते. — स्टाफ नर्स, अशोक चौक

वापरलेली सलाईनची प्लास्टिक बाटली, आयव्ही सेट आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेची रिकामी व्हायल (इंजेक्शनची बाटली) आणि फुटलेली अँप्युल निळ्या खुणेच्या खोक्यात. रिकामी स्ट्रिप, पुठ्ठ्याचं खोकं आणि माहितीपत्रक हा जैववैद्यकीय कचराच नाही; तो साधा सुका कचरा. रक्त लागलेला कापूस-गॉज आणि उरलेली किंवा बाद औषधं पिवळ्यात.

यात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘शंका आली की पिवळ्यात’. पिवळी पिशवी जळते. तिच्यात पीव्हीसीची नळी गेली की क्लोरीन जळतं आणि डायऑक्सिनसारखी विषं तयार होण्याची वाट मोकळी होते. पिशवीसुद्धा क्लोरीनविरहित प्लास्टिकचीच हवी, हे नियमातच आहे. आणि सुका कागद पिवळ्यात टाकला तर कचरा उचलणाऱ्या केंद्राचं बिलही वाढतं. मालकांना पर्यावरणाचं कारण पटलं नाही तर हे सांगा.

व्हायलमध्ये अँटिबायोटिक उरलं तर सिंकमध्ये ओतू नका. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र मैला पचवण्यासाठी असतं, औषधं गाळण्यासाठी नव्हे, आणि थोड्या मात्रेत सतत मिळणारं अँटिबायोटिक जंतूंना सरावाला बसवतं. उरलेली व्हायल आहे तशी पिवळ्यात. याउलट उरलेलं साधं सलाईन, ग्लुकोज किंवा रिंगर लॅक्टेट, ज्यात दुसरं औषध मिसळलेलं नाही, ते सिंकमध्ये गेलं तर चालतं. बाटली भरलेली तशीच लाल पिशवीत टाकली की पिशवी फाटते आणि ओझंही उगाच वाढतं.

दम्याच्या पंपाचे आणि स्प्रेचे दाबाखालचे डबे पिवळ्यात अजिबात नकोत, ते भट्टीत फुटतात. ते वेगळे जमा करून केंद्राशी आधी बोला. आणि रक्त लागलेला कचरा ४८ तासांच्या वर साठवायचा नाही; मेच्या उन्हात तर ४८ तासही फार होतात.

प्रश्न : सासरे विडी कारखान्यात होते, आता दमा आहे. दिवसातून तीन-चार वेळा पंप मारतात. पंपातल्या गॅसनं हवा तापते असं मुलीनं शाळेत ऐकलं. पंप बदलावा का? — गृहिणी, कुंभारी

मुलीनं ऐकलं ते खरं आहे. पंपात औषध ढकलण्यासाठी जो वायू असतो तो बहुधा एचएफए १३४ए. शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. दोनशे फवाऱ्यांच्या एका साल्बुटामॉल पंपाचा भार, कंपनी आणि वायूचं प्रमाण यांनुसार, साधारण १० ते २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे एका पंपामागं चार ते बारा लिटर पेट्रोल. कोरड्या पावडरचं औषध, म्हणजे आपल्याकडची रोटाकॅप, यात हा वायूच नसतो आणि तिचा भार त्याच्या फार खाली असतो.

असं असलं तरी सासऱ्यांचा पंप तुम्ही परस्पर बदलू नका. पावडर फुप्फुसात जाते ती रुग्णाच्या स्वतःच्या जोरदार श्वासानं. पाच-सहा वर्षांखालची मुलं, फार अशक्त झालेली वयस्क माणसं आणि जोराचा झटका आलेला माणूस तसा श्वास ओढू शकत नाही. त्यांच्यासाठी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ डबा) हेच बरोबर. सासऱ्यांचा श्वास किती जोराचा आहे हे डॉक्टर दोन मिनिटांत तपासू शकतात. जमत असेल तर बदल सुचवतील.

खरं म्हणजे तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट वेगळीच आहे. तात्पुरता आराम देणारा पंप रोज तीन-चार वेळा लागतो, याचा अर्थ दमा आटोक्यात नाही. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या तात्पुरत्या पंपावर राहू नका असंच सांगितलं आहे. सूज कमी करणारं स्टेरॉइडचं औषध नियमित सुरू झालं की तो पंप आठवड्याला एखाद्या वेळी लागतो. रुग्णाचंही भलं आणि हवेचंही.

रोटाकॅप मिळाली तर पद्धत अशी. कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली धरून चौकोनी भोकात बसवा, तळ शेवटपर्यंत फिरवा म्हणजे कॅप्सूलचे दोन भाग सुटतात. श्वास बाहेर सोडा, पण यंत्रात नाही. तोंडाच्या वाफेनं पावडर चिकटते. मग ओठ घट्ट बंद करून जोरात आणि खोल ओढा आणि दहा सेकंद रोखा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका. पावसाळ्यात कॅप्सूल डबीतून काढून पाकिटात ठेवल्या की ओल धरतात.

पंपच ठेवायचा ठरला तर वाया घालवू नका. खोक्यावर सुरू केल्याची तारीख लिहा. २०० फवारे आणि रोज ८, म्हणजे तो २५ दिवसांचा. हलवून ‘अजून आवाज येतोय’ म्हणून पुढं वापरणं फसवं असतं, कारण औषध संपलं तरी वायू उरतो. पाण्यात तरंगवून बघण्याची युक्तीही खोटी, उलट झडप चोंदते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. कापडानं पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. आणि उन्हाळ्यात पंप गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

प्रश्न : ओटीसाठी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर महिन्याला जितके येतात तितका वापर भूलतज्ज्ञांच्या नोंदीत दिसत नाही. गळती असेल का? ती शोधायची कशी? — खरेदी विभाग, सात रस्ता

शक्यता दाट आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी तपासणी केली तेव्हा मध्यवर्ती नळांतून येणाऱ्या नायट्रसचा, म्हणजे या भुलीच्या वायूचा, बराच मोठा भाग रुग्णापर्यंत पोचतच नसल्याचं दिसलं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो आणि शंभरावर वर्षं हवेत राहतो. समजा ३० किलो गॅस गळाला, तर तो ८ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडसारखा.

मीटरकडं बघून गळती कळणार नाही. नायट्रस सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तसाच दिसतो. म्हणून सिलिंडर आल्यावर आणि परत जाताना वजन करा. फरक म्हणजे खरा वापर. तो भूलतज्ज्ञांच्या महिन्याच्या नोंदीशी ताडून बघा. नोंदीपेक्षा वजन फारच जास्त घटत असेल तर एखाद्या रात्री, ओटी बंद असताना, भूल यंत्रावर स्वतंत्र सिलिंडर तयार ठेवून, बायोमेडिकल इंजिनिअरच्या हातून मॅनिफोल्डची (सिलिंडर नळाला जोडणाऱ्या सांगाड्याची) झडप बंद करा. नळीतला दाब, तो साधारण ४ बार असतो, लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. रात्री गारवा असल्यानं थोडा उतार दिसेल. लक्षणीय पडला असेल तर साबणाचा फेस घेऊन भिंतीवरचे आउटलेट आणि मॅनिफोल्डचे सांधे तपासा. जुने रबरी वॉशर हेच बहुधा गुन्हेगार.

वापर कमीच असेल तर केंद्रीय नळ बंद करून यंत्राला छोटे सिलिंडर लावणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ऑक्सिजनच्या नळाला मात्र कोणी हात लावू नये. डेस्फ्लुरेन हे भुलीचं औषध वापरात असेल तर भूलतज्ज्ञांशी एकदा बोला : त्याची हवा तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५४० पट आणि सेव्होफ्लुरेन या दुसऱ्या औषधाची सुमारे १३० पट. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६ पासून अपरिहार्य वैद्यकीय कारण असल्याशिवाय डेस्फ्लुरेनला बंदी घातली आहे.

प्रश्न : केमोथेरपीच्या व्हायलमध्ये रोज थोडं थोडं उरतं. महागडं औषध फेकताना जीव तुटतो. — ऑन्कोलॉजी फार्मासिस्ट, बार्शी

उदाहरणच घेऊ. शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, पॅक्लिटॅक्सेल १७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे डोस २६२.५ मिलिग्रॅम. २६० ची व्हायल मिळते. उरलेल्या अडीच मिलिग्रॅमसाठी ३० ची दुसरी व्हायल उघडली, तर अर्धा मिलिलिटरही नसलेल्या औषधासाठी साडेसत्तावीस मिलिग्रॅम फेकलं. डोस २६० वर आणला तर फरक एका टक्क्याच्याही आत. अनेक केंद्रं ५ ते १० टक्क्यांच्या मर्यादेत डोस असा जवळच्या व्हायलला जुळवून घेतात. पण हे फार्मासिस्टनं टेबलावर ठरवायचं काम नाही. कोणत्या औषधांना, किती टक्के, कोणत्या रुग्णांना वगळून, हे कर्करोगतज्ज्ञांच्या सहीनं लेखी धोरणात हवं, आणि प्रत्येक वेळी कागदावर मूळ डोस आणि दिलेला डोस दोन्ही दिसायला हवेत.

दुसरी बचत वेळापत्रकात आहे. एकाच औषधाचे रुग्ण एकाच दिवशी, लागोपाठ बोलवा. उरलेलं औषध पुढच्या रुग्णाला तेव्हाच देता येतं, जेव्हा ते जैवसुरक्षा कपाटात निर्जंतुक पद्धतीनं काढलेलं असेल आणि स्थिरतेच्या तासांत असेल. बोर्टेझोमिब विरघळवल्यावर खोलीच्या तापमानाला ८ तास. ट्रास्टुझुमॅबची ४४० ची व्हायल सोबत येणाऱ्या जंतुरोधक पाण्यानं विरघळवली तर २ ते ८ अंशांत २८ दिवस चालते. घाईत साधं निर्जंतुक पाणी वापरलं तर उरलेलं त्याच दिवशी गेलं. सिस्टरच्या हाताशी कोणतं पाणी होतं, यावर हजारो रुपये आणि एक व्हायल अवलंबून असते.

उरलेलं औषध आणि ते लागलेलं सगळं सायटोटॉक्सिक (पेशींना विषारी) खुणेच्या वेगळ्या पिवळ्या पिशवीत. काचेची व्हायल असली तरी निळ्या खोक्यात नाही. इथं एक खाच आहे. साध्या वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीचा दुसरा कक्ष १०५० अंशांच्या आसपास चालतो, आणि या औषधांना १२०० च्या वर तापमान लागतं. तुमचा कचरा उचलणाऱ्या केंद्राची भट्टी तिथवर जाते का, हे लेखी विचारा. जात नसेल तर उत्पादकाकडं परत पाठवण्याची वाट धरा.

प्रश्न : सगळ्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून डिस्चार्जपर्यंत शिरेतूनच पँटोप्राझोल आणि पॅरासिटामॉल. फार्मासिस्टनं काही बोलावं का? — क्लिनिकल फार्मासिस्ट, जुळे सोलापूर

जरूर बोलावं. शिरेतून दिलेल्या एका पॅरासिटामॉलमागं १०० मिलिलिटरची बाटली, आयव्ही सेट, कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) धुण्याची सिरिंज, सुई, हातमोजे आणि स्पिरिटचा कापूस येतो. तोंडानं दोन गोळ्या आणि पेलाभर पाणी. मेट्रोनिडॅझोल, लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल ही औषधं तोंडानं घेतली तरी जवळजवळ पूर्ण शोषली जातात. शिरेतून दिल्यानं ताकद वाढते हा केवळ समज.

४८ तास झाले की केसपेपरवर एक शिक्का मारा : ताप २४ तास नाही, उलटी नाही, खातो-पितो, नाडी-रक्तदाब ठीक, तर ‘गोळीवर नेता येईल का?’ निर्णय डॉक्टरांचा. मेंदूज्वर, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, शॉक, आतड्याची हालचाल बंद असणं अशा रुग्णांवर हा शिक्का मारायचा नाही. डॉक्टरांशी बोलताना सुरुवात कॅन्युलाच्या जागेवरच्या सुजेनं आणि रुग्णाच्या बिलानं करा. प्लास्टिकचा मुद्दा तिसरा ठेवा, लवकर पटतं.

प्रश्न : मेमध्ये स्टोअरचा एसी १८ वर ठेवूनही रॅक तापतो. बिल भयंकर. — मालक, अक्कलकोट

१८ ची गरजच नाही. खोक्यावर ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा. एसी २४ वर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशोब आहे. रॅक तापतो कारण तो पश्चिमेच्या भिंतीला किंवा स्लॅबला टेकलेला असतो. रॅक भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि वरचा कप्पा रिकामा ठेवा किंवा तिथं कापूस-बँडेज ठेवा. गच्चीवर मार्चच्या आत चुना किंवा पांढरा परावर्तक रंग द्या. तापमापी एसीच्या समोर टांगू नका. खोलीतल्या सर्वांत गरम कोपऱ्यात, वरच्या कप्प्याशी ठेवा आणि दुपारी तीनची नोंद घ्या. ‘२५ अंशांखाली’ लिहिलेली औषधं एका छोट्या खोलीत आणली तर सगळा हॉल गार करावा लागत नाही.

फ्रीजच्या दारात आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून इन्सुलिन नको; गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी बाद. तळाच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर थंडावा जास्त टिकतो.

प्रश्न : डायक्लोफिनॅकची व्हायल पूर्वी ३० मिलिलिटरची असायची, आता फक्त ३ ची अँप्युल. उलट कचरा वाढला नाही का? — डी. फार्म. विद्यार्थी, पंढरपूर

काच वाढली, गिधाडं वाचावीत म्हणून. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. भारतातल्या तीन जातींची संख्या त्यामुळं ९५ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांची मोठी व्हायल गोठ्यात जाऊ लागली. म्हणून २०१५ पासून माणसांचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेतच विकता येतं. एका बैलाला अशा अनेक अँप्युल फोडाव्या लागतात, तोच अडसर. काउंटरवर कोणी म्हशीसाठी डझनभर मागितल्या तर देऊ नका. पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅम लिहून आणायला सांगा, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

प्रश्न : फार्मसीत कापडी पिशव्या ठेवाव्यात का? — नवी पेठ

ठेवा, पण विकत. फुकटची पिशवी घरी जाऊन पडते. गणवेश शिवणाऱ्या आपल्या कारखान्यांतली कातरणं आणि उरलेले तागे स्वस्तात मिळतात. दोन स्ट्रिपांना मात्र पिशवीच नको, कागदी पाकीट पुरे. त्यावर ‘सकाळ-दुपार-रात्र’ छापा म्हणजे त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : आईच्या कर्करोगाच्या आजारपणातल्या मॉर्फिनच्या गोळ्या, फेंटानिलचे पॅच आणि इतर बरीच औषधं घरात उरली आहेत. टाकवतही नाहीत आणि ठेववतही नाहीत. — वाचक, मोहोळ

मॉर्फिन आणि फेंटानिल घरात ठेवू नका. वापरून काढलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला धोका होईल इतकं औषध उरतं. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली. घरात अपघात किंवा गैरवापर होण्याचा धोका पर्यावरणाच्या धोक्याहून मोठा, म्हणून ही औषधं संडासात सोडायला सांगितली आहेत. फेंटानिल, मॉर्फिन आणि ट्रामाडॉल त्यात आहेत. पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि सोडा. यादीबाहेरचं कुठलंही औषध, विशेषतः अँटिबायोटिक, असं सोडायचं नाही.

न उघडलेल्या पूर्ण स्ट्रिप बिलासह दुकानात विचारून बघा. रुग्णालय त्या घेऊन दुसऱ्या रुग्णाला देणार नाही. त्या तुमच्याकडं कोणत्या उन्हात राहिल्या हे त्यांना कळत नाही, आणि हा नकार बरोबर आहे. घनकचरा नियमांत जुनी औषधं ओल्या-सुक्याहून वेगळ्या कचऱ्यात येतात, म्हणून ती त्यात मिसळू नका. स्ट्रिपमधून गोळ्या काढत बसू नका, आहे तशा एका वेगळ्या पिशवीत बांधा, चिठ्ठीवरचं आईचं नाव शाईनं खोडा आणि आईवर उपचार झाले त्या रुग्णालयाच्या फार्मसीत फोन करून त्यांच्या पिवळ्या कचऱ्यात घेतील का विचारा. सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीनं बंद करून, वर ‘सुया’ असं मराठीत लिहून.